पासपोर्ट चाणक्याचा नव्हे : प्राणहितेच्या काठावरून एक हरकत

१/ इतिहासप्रेमींच्या समूहांतून एक विधान वारंवार फिरत असते. ‘परदेशी माणसाकडे पासपोर्ट आणि व्हिसा मागणे ही भारताची दोन हजार वर्षांची परंपरा आहे.’ बहुधा सोबत चाणक्याचे चित्र असते. हे विधान चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. का, ते या धाग्यात पुराव्यानिशी मांडते. मुक्काम सिरोंचा.

२/ आधी प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा पाहू. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा अधिकारी येतो. एक माषक घेऊन तो प्रवासाची मुद्रा देतो. मुद्रा जवळ असेल त्यानेच जनपदात यावे किंवा बाहेर पडावे, आणि विवीताध्यक्षाने ती तपासावी, असा नियम आहे. हे सारे ग्रंथात आहे. नाकारण्याचे कारण नाही.

३/ पण त्याच प्रकरणातील पुढचा नियम चित्राखाली कधी छापला जात नाही. मुद्रेविना सापडलेल्या जनपदाच्याच रहिवाशाला १२ पण दंड! बनावट मुद्रेसाठी परजनपदातील माणसाला अधिक जबर शिक्षा आहे, हे खरे. पण मुद्रा मात्र दोघांनाही लागते. आपल्याच शेजारगावी निघालेल्या माणसाला ज्या कागदाची गरज पडते, त्याला आपण पासपोर्ट म्हणतो काय? शिवाय हा शास्त्रग्रंथ आहे. राज्य कसे चालावे ते तो सांगतो; ते तसे चालत होते याचा तो आपोआप दाखला होत नाही.

४/ मराठा काळातील ‘दस्तक’ हाही असाच ओढूनताणून पासपोर्ट ठरवला जातो. दस्तक म्हणजे वाटेवरच्या चौक्यांना दिलेली आज्ञा : अमुक माणसे, अमुक बैल, अमुक माल येत आहे, अडथळा करू नये. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ जहाजांसाठी होता; तो जवळ नसेल तर अरबी समुद्रात जहाज जप्त होण्याची भीती. दोन्ही कागद वाटेशी आणि मालाशी बांधलेले. हा माणूस कोणत्या राष्ट्राचा नागरिक, हा प्रश्न त्यांत नाही.

५/ भेद नीट ध्यानात घ्यावा. दस्तक ज्याच्या मुलुखातून जायचे तो देतो. पासपोर्ट मात्र तुमचे स्वतःचे राज्य देते आणि जगाला सांगते, ‘हा आमचा आहे.’ दस्तकाचे नाते जोडायचेच असेल तर ते व्हिसाशी थोडेफार जुळेल. पण व्हिसा उमटतो तो पासपोर्टवरच. माणूस कोणाचा, हे कागदाने सिद्ध झाल्यावाचून त्याला दारातच उभे करायचे, ही कल्पना आधुनिक आहे.

६/ आता माझ्या गावाकडे या. सिरोंचाच्या अंगणात प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि पुढे सोमनूरला इंद्रावती. पलीकडच्या तीरावर आज तेलंगणा आहे. तेव्हा निजामाचे राज्य होते. १८६० पूर्वी सिरोंचाही निजामाचेच. त्या वर्षीच्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीराचे तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचे ठाणे झाले. त्याच तहाने गोदावरीवरची वाहतूक करमुक्त केली. म्हणजे नदी सीमा झाली, पण ती सीमा नावांना अडवण्यासाठी आखलेली नव्हती. मालवाहू नावा चालाव्यात म्हणूनच तो मुलूख इंग्रजांना हवा होता.

७/ चार वर्षांनी, १८६४ मध्ये, परकीयांविषयीचा कायदा आला. त्याची व्याख्या वाचण्याजोगी आहे : जो जन्मजात ब्रिटिश प्रजाजन नाही आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासीही नाही, तो परकीय. या अक्षरानुसार लंडनचा साहेब सिरोंचात स्वकीय आणि समोरच्या काठावरचा निजामाचा कोळी परकीय! सरकारने लेखी हुकूम काढला की अशा माणसाला देशाबाहेर जावे लागे. प्रवासासाठी परवाना घेण्याची सक्तीही त्यात होती, पण ती सरकारने खास आदेश काढून लागू केली तरच.

८/ माझी पणजी चेन्नूरकडची. लग्न होऊन अलीकडे आली. तिचा भाऊ सणावाराला डोंग्यातून नदी ओलांडून यायचा. आमच्या घरात त्याच्या येण्याजाण्याच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. पुराचे पाणी आहे, उलटलेला डोंगा आहे, हरवलेली शिदोरी आहे. कागद एकाही गोष्टीत नाही. कायद्याच्या पुस्तकात परकीय असलेला हा माणूस आमच्या ओसरीवर मामा होता, आणि सरकारला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

९/ मग सक्ती आली कुठून? युद्धातून. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा अध्यादेश निघाला. तो कोणावर चालला? कॅनडाच्या दारातून परत पाठवलेल्या ‘कोमागाटा मारू’च्या प्रवाशांवर, परदेशांतून मायभूमीकडे परतणाऱ्या गदर चळवळीच्या लोकांवर. ज्याला आपण राष्ट्ररक्षणाची प्राचीन ढाल म्हणून मिरवतो, तिचा हा अवतार इंग्रजांनी भारतीयांनाच भारतात येताना अडवण्यासाठी वापरला.

१०/ पुढे १९१५ च्या भारत संरक्षण कायद्याखाली देशात येण्याजाण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा झाला. युद्ध संपले, कायद्याची मुदत सरली; पण सक्ती १९२० च्या भारतीय पासपोर्ट कायद्यात जाऊन बसली. त्याच वर्षी पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली. युद्धापूर्वीचा मोकळा प्रवास पुन्हा यावा अशी इच्छा तिने नोंदवली आणि तूर्त ते शक्य नाही म्हणून पासपोर्टाच्या पुस्तिकेचा एकसारखा नमुना ठरवला. ते ‘तूर्त’ अजून संपलेले नाही. तात्पुरते म्हणून आलेले पाहुणे घरमालक झाले, ते असे.

११/ फाळणीनंतरही ही भिंत एका रात्रीत उभी राहिली नाही. पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परवाना पद्धत १९४८ मध्ये आली; पूर्व बंगालच्या सीमेवर पासपोर्ट लागू झाला तो १५ ऑक्टोबर १९५२ रोजी. तोवर पाच वर्षे लोक त्याविना ये-जा करत होते. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत, पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे वसलेली आहेत. निर्वासितांत कोण कधी आणि कोणत्या कागदावर आला, यावर पुढे किती काही अवलंबून राहते, हे त्यांच्या वस्त्यांत बसून ऐकावे.

१२/ आणि ‘परकीय’ हा शब्द तरी स्थिर आहे काय? १९४६ च्या कायद्याने संस्थानी प्रजेला परकीयांतून वगळले. १९५७ च्या दुरुस्तीने भारताचा नागरिक नसलेला प्रत्येक जण परकीय ठरला. फिदा हुसेन यांचा खटला या संदर्भात पाहावा. जन्म अलाहाबादचा, १९५३ मध्ये पाकिस्तानी पासपोर्टवर आगमन, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा : प्रवेशाच्या वेळी लागू असलेल्या व्याख्येनुसार ते परकीय नव्हते, कारण जन्माने ते ब्रिटिश प्रजाजन होते. माणूस तोच, जन्मगाव तेच. बदलत होती ती व्याख्या.

१३/ येथे कोणी विचारील, ‘मग काय सीमा उघड्या टाकायच्या?’ तसे मी म्हटलेले नाही. आजच्या राज्याला कोण येतो हे विचारण्याचा अधिकार आहे. पण तेच राज्य नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना जमिनीवरून येताना पासपोर्ट-व्हिसा मागत नाही, आणि त्याने देश बुडालेला नाही. नियम हा निर्णय असतो. निर्णयाला कारणे द्यावी लागतात, त्याची फेरतपासणी होऊ शकते. परंपरेला मात्र कारण विचारायचे नसते, अशी आपली समजूत आहे. म्हणूनच नियमाला परंपरेचे सोवळे नेसवणे सोयीचे पडते.

१४/ हा नुसता शब्दांचा वाद नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परकीयविषयक कायदा लागू झाला. १९२० आणि १९४६ चे कायदे त्यात विसर्जित झाले. पण जुन्यातली एक गोष्ट नव्यातही टिकली : आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार संशयिताच्याच डोक्यावर. ज्यांच्या पणज्यांच्या जन्माची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, अशा आमच्या जंगलपट्ट्यात या वाक्याचे वजन वेगळे लागते. ‘हे चाणक्यापासून असेच आहे’ असे म्हणणारा इतिहासाचा विद्यार्थी नकळत त्या संशयालाही दोन हजार वर्षांचे वय बहाल करतो.

१५/ एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर भरला. सिरोंचाच्या घाटावर आणि समोर कालेश्वरमला लोक एकाच पाण्यात उतरले. १८६४ च्या कायद्याने त्यांतल्या निम्म्यांना परकीय म्हटले असते. आपण चाणक्याचे चित्र जरूर लावावे. पण त्याखाली १२ पण दंडाचा नियमही छापावा, आणि शेजारी १९१४, १९२० ही सालेही. मतभेद असल्यास कागद घेऊन यावे. एवढ्यापुरती मात्र कागदाची सक्ती मला मान्य आहे. लेखनसीमा.