शेजार तुटला की शहर तुटते

गणेशोत्सव, मोहरम किंवा ईद जवळ आली की पोलीस ठाण्यांतून शांतता समितीच्या बैठकीची निमंत्रणे निघतात. प्रतिष्ठित नागरिक जमतात, ऐक्याची भाषणे होतात, चहापान होते आणि मिरवणूक सुखरूप पार पडली की समिती पुढील वर्षापर्यंत निद्रिस्त होते. अशा बैठका निरर्थक असतात असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु वर्षातून दोनदा जाग्या होणाऱ्या समितीवर नगराच्या शांततेचा भार टाकणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणे होय. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात धर्मवचने असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि काही तासांत महाल भागात दगडफेक व जाळपोळ होऊन संचारबंदी पुकारावी लागली. अशा घटकेला प्रश्न एकच असतो. खरे काय घडले हे पलीकडच्या वस्तीत कोणाला विचारावे, त्या माणसाचे नाव तरी आपणांस ठाऊक आहे काय?

दंगल उसळली की तिची दोन ठराविक कारणे सांगितली जातात. एक, शतकानुशतकांचे वैर; दुसरे, मूठभर गुंडांचा उपद्रव. परंतु वैर हेच कारण असते, तर दंगली सर्वत्र झाल्या असत्या. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींची वृत्तपत्रीय नोंदींवरून मोजदाद केली आणि ती २००२ साली ग्रंथरूपाने मांडली. एकूण बळींपैकी सुमारे ४६ टक्के बळी मुंबई, अहमदाबाद, अलीगढ, हैदराबाद, मीरत, बडोदे, कलकत्ता आणि दिल्ली या ८ शहरांत पडले. ग्रामीण भारताचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी होता. धर्म तेच, इतिहास तोच, राज्यघटना तीच; मग काही शहरे वारंवार का जळतात आणि काही का जळत नाहीत?

या प्रश्नाचा शोध घेताना वार्ष्णेय यांनी केरळातील कालिकत आणि उत्तर प्रदेशातील अलीगढ यांची तुलना केली. दोन्हीकडे मुसलमानांचे प्रमाण ३६ ते ३८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. पण आपली मुले दुसऱ्या धर्माच्या मुलांबरोबर खेळतात असे कालिकतमधील सुमारे ९० टक्के कुटुंबांनी सांगितले; अलीगढमध्ये हे प्रमाण ४२ टक्के भरले. तथापि मुलांचे खेळणे ही अर्धीच गोष्ट झाली. कालिकतच्या व्यापारी संघांत, कामगार संघटनांत आणि वाचनमंडळांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसत, हिशेब करीत आणि प्रसंगी भांडतही. खेड्यात नुसती ओळखदेख पुरते. लाखोंच्या शहरात ती पुरत नाही. तेथे संस्थाच लागते.

हे उदाहरण दूरचे वाटत असेल तर ठाणे जिल्ह्यातील भिवंडीकडे पाहावे. यंत्रमागांचे हे गाव ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी पेटले. त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ च्या मे महिन्यात ते पुन्हा पेटले. दंगलीचे गाव ही ख्याती त्याच्या कपाळी कायमची लिहिली गेली असेच सर्वांस वाटत होते. १९८८ साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी पोलिसांसह नियमाने बसू लागले आणि रोजचे किरकोळ तंटे तेथल्या तेथे मिटू लागले. पुढे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या डिसेंबरच्या आणि पुढील जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुसलमान होते, २७५ हिंदू होते. बाकीचे इतर वा अनोळखी. भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झालेली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. अधिकारी गेला, पण संस्था टिकली.

अर्थात प्रत्येक संस्था जोडणारीच असते असे नाही. अलीगढचाच दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकन विद्वान पॉल ब्रास यांनी दाखवून दिले की, दंगलीलाही तिची स्वत:ची यंत्रणा असते. बातमी पोहोचविणारे, क्षोभ वाढविणारे, माणसे जमविणारे आणि नंतर दोष भलत्यावर ढकलणारे, असे सारे तीत आपापले काम करीत असतात. वृत्तपत्र हीही एक संस्थाच. ती आग विझवू शकते, तशीच पेटवूही शकते.

मुंबईपुरते बोलावयाचे तर नाना जातिधर्मांच्या माणसांना एकत्र आणणारी मोठी संस्था म्हणजे कापडगिरणी. तिचे गोडवे गाताना तिच्यातील विषाचा विसर पडू नये. धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न जाहीरपणे मांडावा लागला. तरीही भोंगा सर्वांचा एक होता आणि संपही एक होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पण एकाच फाटकातून आत शिरणाऱ्या माणसांना पुन्हा एकत्र आणील असे काही उभे राहिले नाही.

उलट वेगळे करणारी संस्था मात्र फोफावली. १९९३ नंतर अनेक मुसलमान कुटुंबांनी संमिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याची वाट धरली. हिंदू कुटुंबेही आपापल्या लोकांत सरकली. भीतीने सुरू झालेली ही पांगापांग पुढे गृहनिर्माण सोसायट्यांच्या अलिखित नियमांनी आणि दलालांच्या शब्दाने पक्की केली. आडनाव सांगताच जागा नुकतीच गेल्याचे उत्तर मिळणे हा आज कित्येकांचा नित्याचा अनुभव आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एकाच समाजापुरते सदस्यत्व राखण्याचा पोटनियम वैध ठरविला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचे २३ वे कलम मात्र पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सदस्यत्व नाकारू नये असे सांगते.

आपल्या माणसांत राहावेसे वाटले तर त्यात गैर ते काय, असे कोणी विचारील. त्या इच्छेत गैर काहीच नाही. दादरला हिंदू कॉलनी आहे, पारशी कॉलनीही आहे, आणि परक्या शहरात आलेल्या माणसाला स्वजनांचा आधार लागतोच. पण एका सोसायटीचा नियम ही आवड असते. हजार सोसायट्यांचा तोच नियम झाला की ती नगररचना होते. मग शाळा वेगळी, बाजार वेगळा, दवाखाना वेगळा होतो आणि पलीकडच्यांविषयी जे कळते ते केवळ ऐकीव असते. ऐकीव गोष्टींवरच अफवा पोसली जाते.

म्हणून आमचे सांगणे असे आहे. सहकाराचे नाव धारण करणाऱ्या सोसायटीने सदस्यत्व नाकारल्यास त्याचे कारण लेखी द्यावे आणि निबंधकांनी ते डोळ्यांत तेल घालून तपासावे. दंगलींनंतर मुंबईत सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांचा धडा प्रत्येक शहराने गिरवावा. त्या दर महिन्याला बसाव्यात आणि पाणी, कचरा, गटार असल्या रोजच्या प्रश्नांवर बसाव्यात. सार्वजनिक मंडळांनी आपल्या कार्यकारिणीत शेजारच्या वस्तीतील माणसे घ्यावीत. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागते ती सवय. अफवेच्या रात्री ज्याला दूरध्वनी करावयाचा, त्याचा क्रमांक आधीच हाताशी असावा लागतो; आणि तो मिळवावयाचा असतो शांततेच्या दिवसांतच.