मिरची पेरा, पण हात सांभाळा

लवंगी मिरची घरच्या कुंडीत सहज येते. पिकून वाळलेल्या मिरचीचे बी उबदार जागी, ओलसर मातीत पेरले की साधारण ८-१० दिवसांत उगवते. जपायचे ते बी काढताना. तिखटपणा मुळात बियांत नसतो; बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या पांढऱ्या गाभ्यात कॅप्सेसिन तयार होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून हाताची आग नुसत्या पाण्याने शमत नाही; आधी खाद्यतेल चोळावे, मग साबणाने हात धुवावेत. डोळ्यात गेल्यास मात्र तेल नको, भरपूर स्वच्छ पाणीच वापरावे. मुलांना कुंडीत बी जरूर पेरू द्यावे. पण मिरची फोडण्याचे काम मोठ्यांनीच, तेही हातमोजे घालून करावे.