लीग की कप?

आमच्या घरी दर शनिवारी एकच वाद: लीग मोठी की कप?

न्यूझीलंडमध्ये उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन लीग आहेत. हॅमिल्टन उत्तरेत येतं. तिथे 12 संघ, प्रत्येकी 22 साखळी सामने. वरचे थोडेच संघ राष्ट्रीय लीगमध्ये जातात, आणि ते बहुतेक ऑकलंडचे!

बाबा म्हणतात, "खरा कस लीगमध्येच लागतो. एका दिवशी काय, कुणीही जिंकतं."

अहो, तीच तर मजा! 1923 पासूनच्या चॅटम कपमध्ये बाद फेरी असते. हरलात की घरी. छोटा क्लबही मोठ्याशी भिडतो. 2019 मध्ये आपल्या हॅमिल्टनचा मेलविल युनायटेड फायनलला पोहोचला. नेपियरकडून 3-2 हरला.

त्या संध्याकाळी बाबा जेवलेच नाहीत.