‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ असं एआय सांगेल, तेव्हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारा

रुग्णालयाच्या फोनवर ‘अपॉइंटमेंटसाठी एक दाबा’ म्हणणारं यंत्र तुम्हाला नवं नाही. आता त्याच्या जागी एआय एजंट येऊ घातला आहे. तो नुसतं ठरलेलं उत्तर देत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डोकावून माहिती आणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. एआयला बाहेरच्या याद्यांशी, कॅलेंडरशी जोडणारी ती एक सामाईक वायर म्हणा. या वायरीवर चालणारी जी साधनं निघाली, त्यांत ‘आत्ता ऑन कॉल कोण आहे’ हे शोधून देणारीही आहेत. पेजरड्यूटी या कंपनीचं साधन त्यांपैकीच. ते मुळात संगणक कंपन्यांसाठी आहे: रात्री सर्व्हर बंद पडला तर कोणत्या इंजिनिअरला उठवायचं, हे एजंट ड्युटीच्या यादीतून वाचतो. पण ‘ऑन कॉल’ हा तर आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तेव्हा ही सोय रुग्णालयांच्या दारात यायला फार वेळ लागणार नाही.

उपयोग नक्की आहे. कूपरसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात आज इमर्जन्सी कोणत्या युनिटची, रजिस्ट्रार कोण, त्याच्या वर कोणाला कळवायचं, हे सगळं ठरलेलं असतं. ते शोधायला ऑपरेटर चार ठिकाणी फोन फिरवतो. एजंटने ते क्षणात सांगितलं तर उत्तमच.

अडचण आहे ती यादीत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधल्या लहान नर्सिंग होमचा कारभार पाहा. न्यूरोलॉजिस्ट तिथे पगारी नसतो, तो तीन-चार ठिकाणी जोडलेला असतो. एकाच रात्री त्याचं नाव मुलुंडच्या यादीतही असू शकतं आणि घाटकोपरच्याही. त्यात ड्युटीची अदलाबदल व्हॉट्सॲपवर होते: ‘आजचा माझा कॉल तू घे.’ समोरचा अंगठा दाखवतो, काम झालं. रोस्टरच्या एक्सेल शीटमध्ये मात्र जुनंच नाव राहतं. रात्रपाळीच्या सिस्टरना हे ठाऊक असतं, यंत्राला नसतं. यादीत जे लिहिलं आहे तेच तो एजंट वाचणार, आणि वर अगदी ठामपणे सांगणार.

पक्षाघाताच्या झटक्यात याची किंमत कळते. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच. आता यादीतले डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयात अडकले असतील, तर ‘ऑन कॉल आहेत’ या उत्तरावर विसंबून तुम्ही थांबाल आणि त्या साडेचार तासांतला तास-दीड तास तिथेच जाईल.

याद्या आणि माणसं यांची सांगड मुंबईने कोविडमध्ये घातली होती. सुरुवातीला खाटेसाठी सगळे पालिकेच्या १९१६ क्रमांकाकडे धाव घेत. जून २०२० मध्ये पालिकेने २४ वॉर्डांत वॉर रूम उघडल्या, म्हणजे बोरिवलीसाठी आर मध्य, मुलुंडसाठी टी, घाटकोपरसाठी एन वॉर्डाची. खाटांची माहिती डॅशबोर्डवर होती. पण रुग्णाशी बोलून, त्याची अवस्था समजून घेऊन खाट द्यायची की नाही हे ठरवायला तिथे डॉक्टर बसवले होते. एआय एजंटलाही असंच ठेवावं, असं माझं मत आहे. त्याने नाव शोधावं, फोन लावावा, पण डॉक्टरने फोन उचलून ‘निघालो’ म्हटल्याशिवाय नातेवाइकांना ‘डॉक्टर आहेत’ असं सांगू नये. रोस्टर वाचायची मुभा ठीक, बदलायची मुभा मात्र माणसाकडेच हवी.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआयला रुग्णाला सल्ला देता येत नाही की औषध लिहून देता येत नाही. ते काम नोंदणीकृत डॉक्टरचंच. म्हणजे बॉट ‘हे ॲसिडिटीचं दुखणं वाटतं, सकाळी या’ म्हणाला, तर ते ऐकू नका. आणि डॉक्टर हजर नाहीत म्हणून तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचाराविना परत पाठवता येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे, खासगी डॉक्टरांसाठीसुद्धा.

तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तर फोनवर माणूस मागा. पक्षाघाताची शंका असेल तर विचारा: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? डॉक्टरांशी तुमचं स्वतःचं बोलणं झालं का, आणि ते किती वेळात पोहोचतील? छातीत दुखत असेल तर सीटीऐवजी ईसीजी आणि कॅथ लॅबबद्दल विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं रुग्णालय गाठा. बॉट ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणत राहिला तर फोन ठेवून १०८ लावा. आणि रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून बरोबर घ्या. रुग्णालयात पहिल्यांदा तीच विचारतील.