दिवसा सोलर, दिवेलागणीला कोराडी. मधली फट बॅटरी भरेल का?

कामठी : शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात जागोजागी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’चे उद्दिष्टच १६ हजार मेगावॅटचे आहे. रात्री-बेरात्री, साप-विंचवाच्या भीतीत ओलीत करायला जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. पण दिवस मावळला की सोलर बंद. आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. हा भार येतो तो आपल्या तालुक्यातल्या कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांवर.

कोराडीची अडचण

कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. असा संच विहिरीवरच्या मोटरसारखा बटण दाबून चालू-बंद होत नाही. बॉयलर थंड झाला, तर पुन्हा पूर्ण भार घ्यायला कित्येक तास जातात. म्हणून संध्याकाळसाठी तो दुपारीही कमी भारावर चालू ठेवावा लागतो. म्हणजे सोलरची वीज भरपूर असली तरी कोळसा जळतोच, राख निघतेच. राखेचा त्रास तालुक्याला सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, तेव्हा राखेचे पाणी शेता-नाल्यांत शिरले होते.

बॅटरी काय करते?

दुपारची जादा वीज कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांत भरायची आणि दिवेलागणीला लाईनमध्ये सोडायची. घरच्या इन्व्हर्टरचेच हे मोठे रूप. ढग येऊन सोलर अचानक पडले, तरी बॅटरी क्षणात वीज देते.

उदाहरण दूरचे नाही. कामठीहून गोंदियाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच पुढे छत्तीसगडचे राजनांदगाव लागते. तिथे १०० मेगावॅटच्या सोलर प्रकल्पाला ४० मेगावॅटची बॅटरी जोडली आहे. ती तीन तास वीज देऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये या प्रकल्पाचे लोकार्पण झाले.

बॅटरी स्वस्तही होत आहे. २०२२ च्या केंद्रीय निविदेत एका मेगावॅटला महिन्याचे भाडे १०.८४ लाख रुपये निघाले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत काही निविदांत ते अडीच लाखांच्या खाली आले.

मर्यादाही मोठी

राजनांदगावची अख्खी बॅटरी म्हणजे कोराडीच्या एका संचाची जेमतेम ११ मिनिटांची वीज. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडले नाही, तर बॅटरी भरणार कशी? त्यामुळे कोराडी उद्याच बंद होईल, असे कुणी समजू नये.

पण प्रश्न नव्या संचांचा आहे. कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. रोजगारासाठी प्रकल्प हवा म्हणणारे होते, धूर-राख नको म्हणणारेही होते. दोघांचेही खरे आहे; बॅटरीच्या केंद्राला माणसे फार लागत नाहीत. तरी संध्याकाळचे तीन-चार तास बॅटऱ्यांनी सांभाळले, तर कोळशाचे किती नवे संच लागतील, हा हिशेब लोकांसमोर मांडायला हवा.

सोलरसाठी गावाची जमीन मागितली गेली, तर ग्रामसभेने एवढे जरूर विचारावे : सोबत बॅटरी आहे का, आणि संध्याकाळची वीज गावाला किती तास मिळणार?