बीएचपी किती? – एक चुकीचा प्रश्न

आमच्या विंगमध्ये कुठल्याही गाडीबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो – "बीएचपी किती?" दुसरा प्रश्न – "शून्य ते शंभर किती सेकंदांत?" तिसरा प्रश्न विचारायच्या आत मेसची वेळ होते. माझ्या रूम पार्टनरला (नाव छापलं तर तो मला रूममध्ये घेणार नाही) शे-दीडशे गाड्यांचे हे दोन आकडे तोंडपाठ आहेत. याच माणसाला हीट ट्रान्स्फरचा एक फॉर्म्युला पेपरच्या आदल्या रात्रीपर्यंत आठवत नाही, पण ते असो. महत्त्वाची गोष्ट ही की त्याच्याकडे साधं लर्निंग लायसन्ससुद्धा नाही.

मीही याच पंथातला. दिवाळीच्या सुट्टीत मात्र माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, त्याची पोलो मला चालवायला दिली आणि हा पंथ सुटला. कसा सुटला ते सांगतो, कारण त्यात आपल्या डिपार्टमेंटबद्दलची एक तक्रारही आहे.

आधी गाडीची कुंडली. फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सहा गिअर, आणि ते हाताने टाकायचे. हे इंजिन पोलोत २०२० साली आलं आणि २०२२ मध्ये भारतातली पोलोच बंद झाली. म्हणजे चाकणच्या कारखान्यातली ही शेवटच्या पंगतीतली गाडी. पार्टनरने फोनवरच निकाल दिला, "तीन सिलिंडर? रिक्षा आहे का ती?" (रिक्षाला एकच असतो. हा मुलगा मेकॅनिकलचा आहे.)

दादाच्या अटी तीन. फोन डिकीत. ऐंशीच्या वर काटा नाही. आणि तो 'थांब' म्हणाला की थांबायचं, 'का' विचारायचं नाही. पहाटे साडेपाचला चांदणी चौकातून निघालो, पौडमार्गे ताम्हिणी.

भूगावात गाडी दोनदा बंद पडली. क्लचचा प्रवास लांब आहे. पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी हलते, आणि मला सवय बाबांच्या गाडीची, जिचा क्लच खालीच पकडतो. मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या शिक्षणाबद्दल काही विचार मांडले. ते इथे छापता येणार नाहीत.

पण गिअर! बाबांच्या गाडीत तिसरा गिअर म्हणजे खिचडीत चमचा फिरवून शेंगदाणा शोधणं. इथे प्रत्येक गिअरचं घर वेगळं आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मध्ये सोडलात तरी तो आपोआप मधल्या रांगेत येतो, दोन बोटांनी वर ढकलला की 'टक्'. गिअर बसला हे कानाला नाही, तळहाताला कळतं. पौड येईपर्यंत मी गरज नसतानाही गिअर बदलत होतो. दादा शांतपणे म्हणाला, "झालं खेळून?"

पौडच्या पुढे चढ-उतार लागले आणि पहिला धडा मिळाला. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे पूर्ण टॉर्क १७५० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यात मिळतो. त्या पट्ट्याच्या खाली ही गाडी म्हणजे सकाळी आठच्या लेक्चरला बसलेला मुलगा – डोळे उघडे, आत कोणी नाही. एका चढावर मी चौथ्यात होतो, काटा पंधराशेच्या आसपास. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. काही नाही. शेजारून एक जुनी जीप माणसं भरून पुढे निघून गेली. मग तिसरा टाकला, काटा दोन हजारांच्या वर गेला आणि तीच गाडी वेगळ्याच घरची झाली. म्हणजे ११० हा आकडा खरा की खोटा, हे तुमचा डावा हात ठरवतो. ब्रोशरमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं.

मुळशीच्या जलाशयाच्या कडेने रस्ता लांब-लांब वळणं घेत जातो. तिथे 'हँडलिंग' हा शब्द मला पहिल्यांदा समजला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'जोरात वळवली तरी उलटत नाही' एवढाच घेतात. तसं नाही. पोलो वळणात थोडी झुकते आणि मग तिथेच थांबते. पुढे झुकत राहत नाही. स्टिअरिंग किती फिरवलं आणि नाक किती वळलं याचा हिशोब दोन वळणांत हाताला पाठ होतो आणि नंतर बदलत नाही. खराब रस्त्यावर सस्पेन्शन कडक लागतं. खड्डा आला की पाठीला कळतं, लपवाछपवी नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम. म्हणजे आपल्या पुस्तकातल्या सगळ्यात साध्या दोन आकृत्या. पण गाडी बोलते. टायर थकायला लागला की आधी सांगते. मला तेव्हा वाटलं, आपल्याला गाडी येते.

आता मुख्य प्रसंग. ताम्हिणी गावानंतर कोकणाकडे उतार लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास मी एका डाव्या वळणात शिरलो. वळण बाहेरून वाटलं त्यापेक्षा आत जास्त आवळत गेलेलं होतं. मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस जे जे करतो ते सगळं केलं. वळणातच ब्रेक दाबला, वळणातच दुसरा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. पुढची चाकं फिरवलेली होती, पण गाडी सरळ चालली, म्हणजे समोरच्या बाजूच्या लेनमध्ये. एबीएसने पेडल पायाखाली थरथरलं. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरकाकांनी हॉर्न दिला नाही. त्यांनी बस आधीच कडेला घेतली होती, जणू मी येणार हे त्यांना माहीतच होतं. आमच्यात किती अंतर राहिलं ते मी मोजलेलं नाही. बसच्या खिडकीतल्या एका आजींच्या हातातली पिशवी मला आजही रंगासकट आठवते.

दादा म्हणाला, "थांब."

थांबलो. पुढे जरा रुंद जागा होती, तिथे चहाची टपरी. दादा पाच मिनिटं काही बोलला नाही. मग चहाच्या ग्लासशेजारी एक खारी ठेवून म्हणाला, "टायरला एवढंच मिळतं. एकच खारी. यातूनच ब्रेकला द्यायचं, यातूनच वळणाला द्यायचं. तू पाऊण ब्रेकला दिलीस. मग क्लच सोडून इंजिनालाही त्याच दोन चाकांवर ओढायला लावलंस. वळणाला चुरा उरला."

टीओएममध्ये आणि व्हेइकल डायनॅमिक्समध्ये हेच आपण 'फ्रिक्शन सर्कल' म्हणून काढतो. मी काढलेलं आहे. पूर्ण मार्क आहेत.

परत आल्यावर मी वहीत आकडेमोड केली, तुम्हीही करून बघा. ३० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ४० च्या वेगाला बाजूचं प्रवेग ०.४२ जी येतो. ५० ला ०.६६. ६० ला ०.९४. रोजच्या टायरची कोरड्या चांगल्या रस्त्यावरची मजल साधारण ०.८ ते ०.९, आणि ती पूर्ण खारी आहे, ब्रेकसाठी तुकडा न काढता. चाळीस आणि साठ यात काट्याला वीसचाच फरक दिसतो. रस्त्याला दुपटीपेक्षा जास्त फरक पडतो, कारण वेगाचा वर्ग होतो. यात बीएचपी कुठेही येत नाही. ११० असो वा २१०, सूत्रात त्याला जागाच नाही.

टपरीवरून गाडी वळवून तोच घाट वर चढलो, पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. दादाने एकच नियम दिला: वळण दिसलं की सगळी कामं सरळ रस्त्यावर संपवायची. ब्रेक सरळ असताना. गिअर सरळ असताना. क्लच सोडण्याआधी अ‍ॅक्सिलरेटरला हलका टोचा, म्हणजे इंजिनाचा वेग खालच्या गिअरला जुळतो आणि गाडीला हिसका बसत नाही. मग वळणात फक्त स्टिअरिंग आणि थोडासा पाय. दुसऱ्या फेरीत हे जमायला लागलं. गंमत अशी की वेग कमी होता आणि मजा कितीतरी जास्त. दुसऱ्या गिअरमध्ये वळणाच्या तोंडाशी गाडी बसते, इंजिन अडीच हजारांवर जागं असतं, आणि बाहेर पडताना पाय टाकला की ती बोट धरून नेल्यासारखी नेते. गिअर हा वेगासाठी असतो असं मला वाटायचं. इथे तो मला आधी विचार करायला लावत होता. वळणात काय होणार हे वळणाआधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवल्याची पावती म्हणजे तो 'टक्'.

इथे कोणीतरी म्हणेल की ऑटोमॅटिक घ्या, कटकट नको. मान्य आहे. पोलोचंच २०१३ साली आलेलं जीटी टीएसआय मॉडेल सात गिअरच्या डीएसजीचं होतं. त्यात दोन क्लच, एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसरा चालू असतानाच चौथा तयार बसलेला असतो. कुठलाही मनुष्यप्राणी तेवढ्या वेगाने गिअर बदलू शकत नाही, आणि सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय वाचवणं हे पुण्याचं काम आहे. माझा विरोध ऑटोमॅटिकला नाही. ज्याला गिअर म्हणजे काय हे हाताने कळलेलंच नाही, अशा इंजिनिअरला आहे.

आता हॉस्टेलकडे येतो. आपली मुलं घाट उतरताना काय करतात? न्यूट्रल! बाइक असो, कोणाची तरी मागून आणलेली कार असो, उतार लागला की न्यूट्रल, 'पेट्रोल वाचतं'. अहो, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर पुरेशा आरपीएमला ईसीयू इंधन बंद करते. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिन ब्रेकिंग जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड कमी होते, हे थर्मलवाल्यांना सांगायला नको. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे – ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. आपण बी.ई. होणार आणि हे आपल्याला ट्रकच्या क्लीनरने सांगायचं?

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला लोणावळ्याला निघालेली टोळी आठवा. मीही त्यात होतो. कारमध्ये पाच जण, गाडी उसनी, आणि चालवणाऱ्याची पात्रता काय, तर त्याला बीएचपी माहीत होती. ती रात्र नीट पार पडली, त्यात आमचं कौतुक काही नाही.

आणि म्हणून ती तक्रार. ऑटोमोबाइल लॅबमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला एक काचेची पेटी आहे. आत जुन्या जीपचा गिअरबॉक्स, कापून आतले दात दिसतील असा, लाल-पिवळा रंगवलेला. वर पाटी – 'हात लावू नये'. तीन वर्षांत मी त्याची आकृती चार वेळा काढली. ओरल्सला "सिंक्रोमेशचं काम काय?" असं विचारलं, मी "वेग समान करणे" म्हणालो, सर पुढच्या प्रश्नाकडे गेले. पण वेग समान झाला नाही तर हाताला काय लागतं आणि झाला की काय लागतं, हे मला ताम्हिणीत कळलं. मधे एसटी होती. पेटीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्या बाजा टीमची मुलं तीनचाकीचा गिअरबॉक्स उघडतात, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालतात, त्यांना हे सगळं येतं. पण ती पंधरा-वीस जणं. आम्ही बाकीचे सव्वाशे काय, आकृतीच्या आधारे घाट उतरणार? मागणी मोठी नाही. पेटी उघडा. दांड्याला मोटर नको, काही नको. एकाने हाताने शाफ्ट फिरवावा, दुसऱ्याने गिअर टाकावा. एका बॅचला अर्धा तास पुरे. शक्य झालं तर कँपसच्या मागच्या रिकाम्या मैदानात कोन ठेवून वीसच्या वेगाला ब्रेक आणि वळण यांचा फरकही दाखवता येईल, पण त्याला परवानग्या लागतील, तेव्हा आधी पेटी.

लेख देण्याआधी मी लॅबच्या मामांना विचारलं, की किल्ली कोणाकडे असते? मामांनी हातातला फडका खांद्यावर टाकला. "किल्ली माझ्याकडेच आहे," म्हणाले, "आजवर मागितली कोणी?" मग त्यांनी पेटी उघडली. दांडा जाम होता, वर्षानुवर्षं हललेलाच नव्हता. आम्ही दोघांनी तेल सोडून ठेवलंय. सोमवारी लंच ब्रेकमध्ये पुन्हा बघणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या.