चाळिशीतला खेळाडू आणि घरचा हिशेब

१६ मे २०२४ रोजी सुनील छेत्री यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त होण्याचा निर्णय जाहीर केला. त्या निवेदनात गोलांच्या हिशेबापेक्षा घरातल्या एका साध्या प्रसंगानेच अधिक लक्ष वेधून घेतले. निर्णय त्यांनी प्रथम आई, वडील आणि पत्नी यांच्या कानावर घातला. वडिलांनी तो शांतपणे स्वीकारला. किंबहुना त्यांना हायसेच वाटले. आई आणि पत्नी मात्र रडू लागल्या. सामने फार होतात, तुला खेळताना पाहिले की जीव टांगणीला लागतो, अशी तक्रार इतकी वर्षे याच दोघी करीत आल्या होत्या. मग आता रडू कशाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही.

हा प्रसंग हळवा म्हणून त्या वेळी सर्वत्र उद्धृत झाला आणि तेथेच विसरला गेला. वास्तविक छेत्री यांच्या दीर्घ कारकिर्दीविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात या प्रसंगाइतके मर्मावर बोट ठेवणारे दुसरे काही नाही. जी गोष्ट घराला जाचत होती तीच घराने एकोणीस वर्षे सांभाळली होती. ती थांबताच घराचा एक मोठा व्यवहार संपला.

जून २००५ मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पण करून पहिल्याच सामन्यात गोल करणारा वीस वर्षांचा तरुण जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध १५१ वा सामना खेळून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नावावर ९४ गोल होते. याचे श्रेय सामान्यतः त्यांच्या शिस्तीला दिले जाते. मांसाहार सोडला, जेवणाखाण्याच्या व झोपेच्या वेळा पाळल्या, मोह टाळले, असे एखाद्या योग्याचे वर्णन करावे तसे वर्णन केले जाते. ते खोटे नाही. परंतु केवळ निग्रहाने कारकीर्द लांबत असती तर निग्रही परंतु तिशीतच संपलेल्या खेळाडूंची संख्या इतकी मोठी दिसली नसती. शरीर हे फुटबॉलपटूचे एकमेव यंत्र आहे आणि प्रत्येक यंत्राप्रमाणे त्यालाही घसारा लागतो. कारखान्याच्या ताळेबंदात घसाऱ्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढलेली दिसते. खेळाडूच्या बाबतीत ही रक्कम कोण भरतो?

ती घर भरते. छेत्री यांचे वडील सैन्यात, आई नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेली. म्हणजे खेळात घालवलेला वेळ हा वाया गेलेला वेळ नव्हे, हे त्या घराला कोणी पटवून द्यावे लागले नाही. वयाच्या सतराव्या वर्षी मोहन बागानमध्ये गेलेल्या या मुलाला तेथे प्रशिक्षक मिळाले ते सुब्रत भट्टाचार्य, आणि पुढे त्यांच्याच कन्येशी त्यांचा विवाह झाला. फुटबॉलपटूची बायको होणे म्हणजे काय, हे जिने मुलगी म्हणून आधीच पाहिले होते अशी जोडीदारीण त्यांना लाभली. कोलकाता, फगवाडा, गोवा, कॅन्सस सिटी, लिस्बन, बंगळूर आणि काही काळ मुंबई असा मुक्काम हलत राहिला. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस त्यांना मुलगा झाला. त्यासाठी त्यांनी थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेतून रजा घेतली होती. परंतु मूल तीन आठवड्यांचेही झाले नव्हते तोच ते चीनमध्ये आशियाई क्रीडास्पर्धेत मैदानावर होते. त्या वेळी क्लब आपापले खेळाडू सोडावयास नाखूश होते आणि संघ कसाबसा जमवण्यात आला होता. एकोणचाळिसाव्या वर्षी जाणाऱ्या बापाच्या देशप्रेमाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. ज्या घरातून तो गेला त्या घरातील त्या तीन आठवड्यांची नोंद मात्र कोणत्याही गुणफलकावर होत नाही.

या दीर्घ कारकिर्दीच्या शेजारी चुनी गोस्वामी यांची कारकीर्द ठेवून पाहावी. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाचा हा कर्णधार १९६४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. पुढे ते क्रिकेट खेळले; १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार तेच होते. ज्या वयात छेत्री यांची निम्मी कारकीर्दही झालेली नव्हती त्या वयात हा माणूस सहजपणे बाजूला होऊ शकला. स्वभावाचा भाग त्यात असेलच. परंतु गोस्वामी स्टेट बँकेत नोकरीला होते, ही गोष्टही स्वभावाइतकीच महत्त्वाची आहे. त्यांचे समकालीन पी. के. बॅनर्जी यांनी तर कोलकात्याच्या बड्या क्लबांपैकी एकाचीही जर्सी न घालता जवळजवळ उभी कारकीर्द पूर्व रेल्वेकडून काढली. खेळ संपला तरी पगार संपत नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कूपरेजच्या मैदानावर बँका, रेल्वे, विमान कंपनी, गिरणी, खत कारखाना यांचे संघ उतरत असत. सकाळी सराव करून अकरा वाजता काउंटरवर येऊन बसणारा, हजेरीपटावर कधीमधी लाल शेरा ओढवून घेणारा, परंतु रोव्हर्स चषकाच्या दिवसांत साऱ्या कार्यालयाचा अभिमान असलेला सहकारी अनेक जुन्या कारकुनांना आठवत असेल. गोव्यात खाण आणि जहाज व्यवसायातील घराण्यांनी संघ पोसले. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. तिच्यात पगार बेताचा, बढती साहेबाच्या मर्जीवर आणि सराव अर्ध्या दिवसाचा. खेळाची उंची तिने फार वाढू दिली नाही, हा आरोप खराच आहे. पण गुडघा गेला तर घर जात नव्हते. तिशी उलटलेल्या खेळाडूच्या बायकोला महिन्याच्या एक तारखेची धास्ती नव्हती.

ती व्यवस्था ढासळली, आणि ती ढासळताना तिच्या जागी काय येणार याचा विचार कोणी केला नाही. महिंद्रने २०१० मध्ये आपला संघ बंद केला. पुढच्याच वर्षी फगवाड्याचा जेसीटी संघ मिटला, जेथे छेत्री यांनी उमेदीची वर्षे काढली होती. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिच्याबरोबर पैसा आला, दूरचित्रवाणी आली, परदेशी प्रशिक्षक आले. खेळाडू नोकर राहिला नाही. तो करारदार झाला. उत्पन्न वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र वाढलेले उत्पन्न आणि गेलेली शाश्वती यांचा एकत्र हिशेब कधी मांडला गेला नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फ्रँको मोदिग्लियानी यांचे नाव परिचित असते. मनुष्य मिळकतीच्या वर्षांत बचत करतो आणि मिळकत थांबल्यावर ती बचत खर्च करतो, त्यामुळे त्याचे राहणीमान आयुष्यभर साधारण सारखे राहते, हा त्यांच्या उपपत्तीचा गाभा. शिक्षक किंवा कारकून सुमारे पस्तीस वर्षे मिळवतो आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची तरतूद करतो. त्यातही भविष्य निर्वाह निधी त्याला सक्तीने बचत करावयास लावतो. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या बाबतीत हे प्रमाण नेमके उलटे होते. त्याने दहा-बारा वर्षांत मिळवावयाचे आणि पुढील चाळीस वर्षे पुरवावयाचे. शिवाय मोठी मिळकत येते ती ऐन पंचविशीत, जेव्हा चाळिशीचा विचार करणे हे मनुष्यस्वभावातच नसते. उपपत्तीतला शहाणा मनुष्य तेव्हाही बचत करतो. मैदानावरचा तरुण मात्र गावी पक्के घर बांधतो, बहिणीचे लग्न करतो, भावाला दुकान घालून देतो. यात उधळेपणा नाही. ज्यांनी त्याला वाढवले त्यांची ती परतफेड असते. पण तिच्यातून म्हातारपणाची पुंजी उरत नाही.

कायद्याचा आधारही तोकडाच. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षांच्या सेवेची अट घातली होती, आणि फिफाच्या नियमांनुसार खेळाडूचा करार पाच वर्षांहून अधिक मुदतीचा असूच शकत नाही! नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी मुदतीच्या करारावरील नोकराला एका वर्षानंतर हा हक्क दिला आहे. मैदानावर धावणारा मनुष्य त्या व्याख्येत बसतो की नाही, हे स्पष्ट करून घेण्याचे काम खेळाडूंच्या संघटनेने तातडीने हाती घ्यावयास हवे.

ही शंका पुस्तकी आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी २०२५ हे वर्ष आठवावे. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये संपणार होता. नव्याची बोलणी झाली नाहीत म्हणून जुलैमध्येच हंगाम स्थगित झाल्याचे क्लबांना कळवण्यात आले. ऑगस्टमध्ये छेत्री ज्या क्लबाकडून खेळत होते त्या क्लबासह काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. जानेवारी २०२६ मध्ये तर छेत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चित्रफितीद्वारे थेट फिफाकडे साकडे घालावे लागले. हंगाम अखेर फेब्रुवारीत आखूड स्वरूपात सुरू करण्याचे ठरले, तोवर अर्धे वर्ष गेले होते. पस्तीस वर्षे नोकरी करणाऱ्याचे एक वर्ष बुडाले तर आयुष्याच्या मिळकतीचे तीन टक्क्यांहून कमी नुकसान होते. बारा वर्षे खेळणाऱ्याचे आठ टक्क्यांहून अधिक. आणि ज्याच्याजवळ शेवटची दोनच वर्षे उरली आहेत त्याचे तर निम्मे भवितव्य बुडते.

मधल्या काळात छेत्री परतले होते. २०२४-२५ च्या लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल त्यांच्या नावावर असताना मार्च २०२५ मध्ये त्यांना राष्ट्रीय संघात पुन्हा बोलावण्यात आले. शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्यांनी ९५ वा गोल केला आणि देशाने टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून २-१ अशी हार पत्करून भारत आशिया चषकाच्या पात्रतेतून बाहेर पडला, तेव्हा चाळिशीच्या माणसाला परत बोलावलेच कशाला, अशी कुजबुज झाली. ती टीका खेळाडूवर करणे अन्यायाचे आहे. उत्तम फॉर्मात असलेल्या माणसाने हाक ऐकून नकार द्यावा, अशी अपेक्षा कोणी का करावी? प्रश्न असा विचारला पाहिजे की, त्याच्या पाठोपाठ पदार्पण केलेले जे डझनभर आघाडीचे खेळाडू अठ्ठाविशी-तिशीत विरून गेले, त्यांना आणखी पाच वर्षे टिकवण्यासाठी आपल्याजवळ कोणती यंत्रणा होती. प्रत्येकाच्या घरी खेळ जाणणारी आई आणि फुटबॉलच्याच घरात वाढलेली पत्नी असत नाही. छेत्री यांचे दीर्घायुष्य घराच्या बळावर उभे राहिले, हे मान्य केले तर ज्यांचे घर असे बळ देऊ शकत नाही त्यांच्यासाठी दुसरे काहीतरी उभारावे लागेल, हे ओघानेच आले.

अशी यंत्रणा अशक्य नाही. नेदरलँड्समध्ये १९७२ पासून व्यावसायिक फुटबॉलपटूंसाठी एक निधी आहे. कराराच्या मिळकतीतील काही भाग खेळाडूने त्यात सक्तीने ठेवावयाचा आणि खेळ थांबल्यावर तो त्याला महिन्यामहिन्याने परत मिळावयाचा, अशी त्याची रचना आहे. यात दानधर्म नाही, अनुदान नाही. खेळाडूचेच पैसे, परंतु पंचविशीतल्या त्याच्यापासून चाळिशीतल्या त्याच्यासाठी राखून ठेवलेले. आपल्याकडे क्रिकेट मंडळ माजी प्रथम श्रेणी क्रिकेटपटूंना निवृत्तिवेतन देते आणि २०२२ मध्ये त्यात भरीव वाढही झाली. फुटबॉलजवळ क्रिकेटइतका पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. पण म्हणूनच डच मार्ग अधिक सोयीचा. त्याला मंडळाची श्रीमंती लागत नाही, कराराच्या नमुन्यात एक कलम लागते. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या रकमेवर अल्पसा अधिभार बसवून त्यात क्लबांचाही वाटा घालता येईल. लाखांत खेळणाऱ्यांना निधी कशाला, हा आक्षेप घेणाऱ्यांनी दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधील राखीव गोलरक्षकाची मिळकत एकदा विचारून पाहावी.

एक गोष्ट मात्र जुन्या व्यवस्थेतूनच उचलण्यासारखी आहे. मैदानाबाहेर सोडा विकणारा त्रिशूरचा मुलगा आय. एम. विजयन तरुणपणी केरळ पोलिसांच्या संघात गेला, मग क्लबांच्या ओढीने नोकरी सोडून देशभर खेळला, आणि खेळणे संपल्यावर पोलीस खात्याने त्याला पुन्हा आपल्यात घेतले. एप्रिल २०२५ मध्ये विजयन तेथूनच निवृत्त झाले. बूट खुंटीला टांगल्यावर जवळजवळ दोन दशकांनी आलेली ही निवृत्ती कोणत्याही स्टेडियममध्ये साजरी झालेली नसेल, पण घराच्या दृष्टीने खरी निवृत्ती तीच होती. रेल्वे, बँका, पोलीस यांनी चालू खेळाडूंसाठी जसे क्रीडा-कोटे ठेवले तसे काही जागांवर थकलेल्या खेळाडूंना परत घेण्याची सोय ठेवली, तर तिच्यावर फार मोठा खर्च येणार नाही.

भारतीय फुटबॉलच्या नव्या व्यापारी व्यवस्थेची घडी आता बसवली जात आहे. प्रक्षेपण हक्क, संघांची संख्या, पदोन्नती-पदावनती यांवर बैठका होतील. खेळाडूच्या कराराचा नमुना या बैठकांत कोणीतरी टेबलावर ठेवील, आणि त्यात मिळकतीतून राखून ठेवण्याच्या रकमेसाठी एक ओळ रिकामी सोडलेली असेल की नसेल, हे तेथेच ठरेल.